मोठा टीव्ही घ्यायचाय: एलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी की प्रोजेक्टर? सांगली-मिरजेतून येणारे नेहमीचे प्रश्न

दसरा तोंडावर आला की गणपती पेठेपासून विश्रामबागपर्यंत टीव्हीच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते, आणि टीव्ही बसवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या आमच्यासारख्यांचा फोन थांबत नाही. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवले. कंपन्यांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत. एकाच कंपनीच्या तीन सेटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, त्यामुळे "कुठली कंपनी चांगली" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नाही.

दुकानदार पाच नावं सांगतो. नेमका फरक काय?

मुळात जाती दोनच आहेत. एका जातीत पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. मागे दिवे लावलेले असतात आणि पुढचा लिक्विड क्रिस्टलचा थर खिडकीच्या पडद्यासारखा तो उजेड अडवतो किंवा सोडतो. दुसऱ्या जातीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो.

एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी ही सगळी पहिल्या जातीतली भावंडं. साध्या एलईडी टीव्हीत मागे दिव्यांच्या पट्ट्या असतात. क्यूएलईडीत त्या दिव्यांचा रंग निळा असतो आणि पुढच्या क्वांटम डॉटच्या थरातून त्याचा शुद्ध लाल आणि हिरवा रंग तयार होतो, म्हणून रंग जास्त भरीव दिसतात. (याच क्वांटम डॉटच्या कामासाठी मोंगी बावेंडी, लुईस ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आता ते नोबेल प्रत्येक सेल्समनच्या तोंडी आहे.) मिनी एलईडीत मागचे दिवे अगदी बारीक आणि संख्येने भरपूर असतात. त्यांचे गट पाडलेले असतात आणि चित्रात जिथे अंधार आहे तिथला गट मंद होतो.

दुसऱ्या जातीत ओएलईडी. काळा दाखवायचा म्हणजे तो ठिपका बंदच, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो.

जास्त समजावून नको. आमच्यासाठी कुठला, तेवढं सांगा.

हॉलला दोन बाजूंनी खिडक्या, गॅलरीचं दार दिवसभर उघडं, सकाळी बातम्या, दुपारी मालिका, संध्याकाळी मॅच: चांगला क्यूएलईडी. पैसे थोडे वाढवता आले तर मिनी एलईडी. वेगळी खोली आहे, पडदे ओढता येतात आणि रात्री निवांत सिनेमे-वेबसिरीज बघता: ओएलईडी. बजेट आखूड असेल तर साधा एलईडी, पण ओळखीच्या कंपनीचा आणि जिची सर्व्हिस इथे मिळते असा.

आमचं मत विचाराल तर सांगलीकडच्या बहुतेक हॉलना ओएलईडीची गरज नाही. तो चित्राला सगळ्यात सुंदर आहे, यात वाद नाही. पण त्याचं सौंदर्य अंधारात आहे आणि आपले हॉल उजेडाचे.

उजेडाचा एवढा काय फरक पडतो?

पडद्याची चमक निट या एककात मोजतात. स्वस्त एलईडी साधारण २५० ते ३५० निट देतो, म्हणजे दुपारी बारा वाजता पडदा निस्तेज वाटणारच. चांगला मिनी एलईडी लहान भागात हजार निटच्या पुढे जातो. नवे ओएलईडीही छोट्या भागात हजाराच्या आसपास किंवा वर पोचतात, पण सगळा पडदा पांढरा झाला की खूप खाली येतात. दिवसाची क्रिकेट मॅच म्हणजे पडदाभर उजेडात न्हालेलं हिरवं मैदान, आणि तिथेच ओएलईडीचा हात आखडतो.

दुसरी गोष्ट प्रतिबिंबाची. खिडकीच्या बरोबर समोर टीव्ही लावला तर कितीही महागडा घ्या, त्यात खिडकीच दिसणार. खिडकीला काटकोनातली भिंत निवडा. त्याला पैसे लागत नाहीत.

सोफा बाजूला आहे, कडेने बघितलं की रंग उडतात. असं का?

पॅनेलचा प्रकार. मागून उजेड लागणाऱ्या सेटमध्ये व्हीए आणि आयपीएस अशी दोन तऱ्हांची पॅनेलं येतात. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद असतो, पण कडेने रंग फिके पडतात. आयपीएस पॅनेल कडेनेही बरं दिसतं, पण अंधाऱ्या दृश्यात काळ्याचा राखाडी होतो. घर माणसांनी भरलेलं असेल आणि निम्मी मंडळी कोपऱ्यात बसत असतील तर आयपीएस परवडतं. ओएलईडीला ही अडचण जवळजवळ नाही.

आमचे सासरे दिवसभर बातम्या लावून बसतात. ओएलईडी घेऊ का?

नको.

आता कारण. ओएलईडीचे ठिपके वापरानुसार झिजतात. एकाच जागी एकच चित्र तासन्‌तास, महिनोन्‌महिने राहिलं तर तिथले ठिपके इतरांपेक्षा जास्त झिजतात आणि त्या जागेचा डाग कायमचा राहतो. मराठी बातम्यांचे चॅनल आठवा. खाली लाल-पिवळी पट्टी, कोपऱ्यात लोगो, बाजूला चौकट, आणि ती दिवसभर तिथून हलत नाही. मालिका, सिनेमे, मॅच असं बदलतं बघणाऱ्याला हा धोका बराच कमी. नव्या सेटमध्ये चित्र किंचित सरकवणं, लोगो मंद करणं अशा सोयी असतात, पण रोज आठ-दहा तास एकच चॅनल असेल तर त्यावर विसंबू नये. असा डाग बहुतेक वॉरंटीत बसत नाही. घेण्याआधी दुकानदाराकडून वॉरंटीचा कागद मागून तेवढी ओळ वाचा.

ज्यांच्याकडे ओएलईडी आहेच त्यांच्यासाठी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. टीव्ही रिमोटने बंद केल्यावर तो स्वतःची दुरुस्ती करतो: काही तासांच्या वापरानंतर, स्टँडबायमध्ये असताना, ठिपक्यांची झीज मोजून ती सारखी करून घेतो. आपल्याकडे झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची शिस्त घराघरांत आहे. लगेच बटण बंद केलं की ते काम अर्धवट राहतं. ओएलईडी असेल तर रात्री बटण चालू ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटवणं हेच अवघड काम, हे मान्य.

मिनी एलईडीत सिनेमाची नावं येताना अक्षरांभोवती धुरकट प्रभा दिसते. सेट खराब आहे का?

खराब नाही. मागच्या दिव्यांचे गट कितीही बारीक केले तरी एका गटाखाली हजारो ठिपके येतात. काळ्या पडद्यावर पांढरं अक्षर आलं की तो अख्खा गट पेटतो आणि अक्षराबाहेर उजेड सांडतो. गट जेवढे जास्त, तेवढा हा दोष कमी. म्हणून मिनी एलईडी घेताना "डिमिंग झोन (म्हणजे हेच दिव्यांचे गट) किती" हा एकच प्रश्न विचारा. विक्रेत्याला आकडा सांगता आला नाही तर मॉडेल नंबर घेऊन घरी या आणि कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. खोलीत मंद दिवा ठेवला तरी ही प्रभा डोळ्याला कमी जाणवते.

किती इंची घ्यावा?

इंच म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी. भिंतीवर लागणारी रुंदी वेगळी: ५५ इंचीला साधारण ४ फूट, ६५ ला पावणेपाच, ७५ ला साडेपाच.

बसण्याचं अंतर असं धरा. ४३ इंचीला साडेचार ते सहा फूट, ५५ ला साडेपाच ते साडेसात, ६५ ला साडेसहा ते साडेआठ, ७५ ला साडेसात ते दहा. जवळचा आकडा सिनेमाची मजा हवी त्यांच्यासाठी, लांबचा आकडा बातम्या-मालिकांसाठी. १२ बाय १४ च्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकवला की डोळ्यांपासून पडदा आठ-नऊ फुटांवर येतो. तिथे ५५ चालतो, ६५ शोभतो. लोक "फार मोठा होईल" म्हणून कचरतात, पण वर्षभराने "एक साईज मोठा घ्यायला हवा होता" असंच सांगतात. उलटं सांगणारा क्वचित.

घेण्याआधी वर्तमानपत्रं चिकटवून तेवढा आयत भिंतीवर लावून बघा, आणि जिना व लिफ्टही मोजा. ७५ इंचीचा खोका जुन्या अपार्टमेंटच्या लिफ्टमध्ये जात नाही, आणि पॅनेल आडवं करून न्यायचं नसतं, उभंच न्यावं लागतं.

नवा ६५ इंची ४के घेतला, पण चॅनलचं चित्र जुन्या टीव्हीपेक्षा वाईट दिसतंय. फसलो का?

हा फोन दिवाळीनंतर सगळ्यात जास्त येतो. फसला नाहीत. ४के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात. केबलवर किंवा छत्रीवर (डिशवर) येणारं साधं, म्हणजे एसडी चॅनल, उभ्या जेमतेम ५७६ ओळींचं. उरलेले सगळे ठिपके टीव्हीला अंदाजाने भरावे लागतात. ३२ इंचावर तो अंदाज झाकला जायचा, ६५ वर उघडा पडतो. डीडी फ्री डिश बघणाऱ्या घरांत ही तक्रार हमखास.

इलाज तीन. एक, केबलवाल्याकडून एचडी बॉक्स आणि तुम्ही जे चॅनल खरोखर बघता त्यांचे एचडी पॅक घ्या. दोन, सेटटॉप बॉक्सची पिवळी-लाल-पांढरी वायर काढून एचडीएमआय लावा. एचडी बॉक्सला अजून जुनीच वायर जोडलेली आम्हाला घरोघरी सापडते. तीन, शार्पनेस शून्याजवळ आणा. वाढवला की चित्र स्पष्ट होत नाही, कडांना पांढऱ्या रेघा येतात.

तुमच्या घरात एसडी केबलच चालणार असेल तर चांगला अपस्केलिंग करणारा, म्हणजे उरलेले ठिपके नीट अंदाजाने भरणारा प्रोसेसर पॅनेलच्या जातीपेक्षा महत्त्वाचा. या बाबतीत जुन्या-जाणत्या कंपन्यांचे मधल्या किमतीचे सेट स्वस्त क्यूएलईडीपेक्षा सरस ठरतात. ४के ओटीटीसाठी इंटरनेट साधारण १५ एमबीपीएस तरी हवं. एवढं फायबर आता तालुक्याच्या गावीही पोचलंय, पण राउटर आतल्या खोलीत आणि टीव्ही बाहेर असला की वेग भिंतीतच मुरतो. लॅनची वायर ओढून घ्या.

मॅचसाठी १२० हर्ट्झ लागतो का?

आपल्याकडचं क्रिकेट प्रक्षेपण सेकंदाला ५० चित्रांचं असतं, ६० हर्ट्झचा चांगला सेट ते दाखवतो. १२० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारं पॅनेल हालचाल जास्त स्वच्छ दाखवतं, पण त्याचा खरा उपयोग गेम खेळणाऱ्या पोरांना. खोक्यावरच्या "मोशन रेट २४०" वगैरे आकड्यांकडे लक्ष देऊ नका, पॅनेलचा रिफ्रेश रेट (खरे हर्ट्झ) विचारा. चेंडूमागे शेपूट दिसत असेल तर मोशन स्मूदिंग (टीव्हीने मधली चित्रं स्वतः बनवून भरणं) कमी करा. सिनेमा बघताना पूर्ण बंद, नाहीतर शंभर कोटींचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो.

प्रोजेक्टर घेतला तर १०० इंच स्वस्तात होईल ना?

अंधारी खोली असेल तर होईल. साधा नियम लक्षात ठेवा: प्रोजेक्टर फक्त उजेड टाकू शकतो, काळा टाकू शकत नाही. खोलीत उजेड असताना भिंत जेवढी पांढरी दिसते, त्यापेक्षा काळं तिथे काहीच दिसणार नाही. हॉलमध्ये दिवसा बघायचं असेल तर हा विषय इथेच संपला.

ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या स्वस्त प्रोजेक्टरवर हजारो लुमेन (उजेडाचं माप) लिहिलेले असतात. तो आकडा मनाचा असू शकतो, एएनएसआय लुमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले, किती ते बघा. "४के सपोर्ट" म्हणजे ४के फाइल चालते एवढंच, दिसणारं चित्र ७२० किंवा १०८० ओळींचंच असू शकतं. त्यासाठी "नेटिव्ह रिझोल्यूशन" ही ओळ शोधा.

लेझर टीव्ही म्हणून विकतात तो भिंतीजवळ ठेवायचा प्रोजेक्टर. दिवा बदलायची कटकट नाही, लेझर वीस हजार तास किंवा अधिक चालतो. पण तो नुसत्या चुन्याच्या भिंतीवर मारायचा नसतो, आजूबाजूचा उजेड गिळणारा खास पडदा लागतो आणि त्याची किंमत धरली की हिशेब चांगल्या ७५-८५ इंची टीव्हीच्या घरात जातो. पंख्याचा आवाज आणि आपल्याकडची धूळ वेगळी.

शेतातल्या घरी, गच्चीवर, गणपतीत मंडळापुढे रात्री सिनेमा लावायला मात्र प्रोजेक्टरसारखी मजा कशातच नाही.

प्लाझ्मा अजून मिळतो का? आणि ८के?

प्लाझ्मा नाही, मोठ्या कंपन्यांनी २०१४ च्या सुमारास उत्पादन बंद केलं. ८के घेऊ नका, बघायला काही नाही.

आमचा वाडा गावभागात आहे. दगड-मातीच्या भिंतीवर टीव्ही टिकेल का?

भरवसा ठेवू नका. पांढऱ्या मातीच्या भिंतीत फास्टनर धरत नाही, ड्रिल केलं की निम्मी माती हातात येते. ७५ इंची सेट ३० किलोच्या आसपास किंवा पुढे जातो. सागवानी फळी दोन्ही बाजूंच्या खांबांना किंवा तुळईला पकडून तिच्यावर ब्रॅकेट लावता येतो. नाहीतर सरळ टेबल, किंवा जमिनीवरचा स्टँड.

उंचीबद्दलही. शोकेसच्या वर, सहा फुटांवर टीव्ही लावायची हौस सोडा. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असतात, पडद्याचा मध्य तिथेच हवा. भारतीय बैठक असेल तर आणखी खाली. वर लावलेल्या टीव्हीने मान दुखते आणि व्हीए पॅनेलचे रंगही खालून फिके दिसतात.

पुराचं काय?

२०१९ आणि २०२१ नंतर हा प्रश्न गंमतीचा राहिलेला नाही. तळमजल्यावर, पाणी येणाऱ्या भागात राहत असाल तर टीव्ही पीओपीच्या चौकटीत कायमचा बंद करून घेऊ नका. दोन माणसांना पाच मिनिटांत उचलून काढता येईल असा साधा ब्रॅकेट लावा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट. चाळिशीकडे पाणी सरकायला लागलं आणि कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली, की टीव्ही आधी वर न्या.

पाण्यात गेलेला पातळ सेट सहसा वाचत नाही, पडद्याच्या थरांमध्ये कडेने पाणी चढतं. वाळवून चालू करायचा प्रयोग करू नका, शॉक बसेल. वॉरंटीत पुराचं नुकसान येत नाही. घरातल्या सामानाचा विमा असेल तर बिल आणि सीरियल नंबरचा फोटो मोबाइलवर ठेवा, कागद पुरात आधी जातात.

स्टॅबिलायझर लागतो का?

आजचे बहुतेक सेट १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे कमी दाबाला ते दाद देत नाहीत. बोर्ड उडतात ते वीज एकदम उसळल्यामुळे. सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग करून घ्या. एप्रिल-मेमध्ये वळीव गडगडायला लागला की प्लग काढा, आणि छत्रीची व लॅनची वायरही काढा. वीज पडली की झटका त्या वायरने आत येऊन एचडीएमआयवाटे मेन बोर्ड मारतो. इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर साइन वेव्हचाच हवा.

बिल किती वाढेल?

५५ इंची एलईडी साधारण १०० ते १५० वॅट घेतो. रोज पाच तास धरले तर महिन्याला १५ ते २२ युनिट. मोठा मिनी एलईडी पूर्ण चमकेवर त्याच्या दीडपट-दुप्पट. दीड टनाचा एसी एवढं दोन-तीन रात्रींत खातो, त्यामुळे बिलाच्या धास्तीने पॅनेल निवडू नका.

बिघडला तर कुठला स्वस्तात दुरुस्त होतो?

एलईडी. आवाज येतो पण चित्र नाही, असं झालं तर अंधारात पडद्यावर तिरकी बॅटरी मारा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल जिवंत आहे, फक्त मागची दिव्यांची पट्टी गेली आहे. ते काम इथेच होतं आणि फार खर्चिक नाही. बॅकलाइट शंभर टक्क्यांवर न ठेवता साठ-सत्तरवर ठेवला तर पट्ट्या जास्त वर्षं टिकतात.

पॅनेल फुटलं किंवा उभ्या रेघा आल्या तर कुठल्याही जातीत खर्च नव्या सेटच्या जवळ जातो, ओएलईडीत तर नक्कीच. म्हणून महाग सेटला वाढीव वॉरंटी घ्या, स्वस्ताला नको. आणि हो, मागच्या जाळीतून पाल आत शिरते. गरम बोर्डावर बसून दोघंही जातात.

दुकानात काय बघायचं?

तिथे लावलेला मासे-फुलांचा व्हिडिओ बघायचा नाही. झगमगाटात सगळेच सेट "व्हिव्हिड" मोडवर ठेवलेले असतात. चित्राचा मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर करायला सांगा. मग पेनड्राइव्हवर स्वतःची एक रात्रीच्या दृश्याची क्लिप लावा आणि तुम्ही घरी बघता ते साधं मराठी चॅनलही. कडेला उभं राहून बघा. रिमोटने मेन्यू वर-खाली करून बघा. दुकानात नवा सेट अडखळत असेल तर वर्षभरानंतर काय होईल ते ओळखा. (तसा मेन्यू मंद झाला तर एचडीएमआयला लावायची ओटीटीची स्टिक घेऊन काम भागतं, पॅनेल मात्र बदलता येत नाही.)

दुकानातून की ऑनलाइन? हप्त्यांवर घेऊ का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुनं किमतीचं कार्ड कोणी दाखवलं तर ऐकू नका. ऑनलाइन किंमत फोनवर दाखवून पेठेतल्या दुकानात भाव करा, बरेचदा जमतं. ऑनलाइन घ्यायचा तर माणूस समोर खोका उघडेल अशीच डिलिव्हरी घ्या आणि सही करण्याआधी टीव्ही चालू करून बघा. खोका महिनाभर टाकून देऊ नका.

"नो कॉस्ट" हप्त्यात व्याज नसतं असं नाही. ते तुम्हाला न दिलेल्या सवलतीत लपलेलं असतं, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी. रोख दिले तर किती, हे आधी विचारा.

जुन्या टीव्हीचं काय करायचं?

चालू एलईडी असेल तर एक्स्चेंजमध्ये देण्यापेक्षा घरातच आजीच्या खोलीत लावा, एक्स्चेंजमध्ये किरकोळ रक्कम येते. पिक्चर ट्यूबवाला जुना डबा असेल तर तो फोडून भंगारात देऊ नका. त्या काचेत शिसं असतं. दुकानदार एक्स्चेंजमध्ये घेतो का विचारा, नाहीतर ई-कचरा घेणाऱ्याकडे अख्खाच द्या.